विनोबांचा अल्सर आणि पोटात डोकावणारी दुर्बीण

हिंगणघाटच्या आमच्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गुरुजी आले होते. वय सत्तरीच्या घरात, अंगात खादीचा सदरा, सोबत मुलगा. बेंबी आणि छातीचे हाड यांच्या मधोमध त्यांना आग व्हायची. रात्री दोन-अडीचच्या सुमारास त्या दुखण्याने जाग यायची, कपभर दूध प्यायले की तासभर बरे वाटायचे, मग पुन्हा तेच. दीड वर्ष हे चालले होते. मी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, करून घेऊ म्हटले तर गुरुजींनी मान हलवली. विनोबा पोटात अल्सर घेऊन दूध-दह्यावर सगळा देश चालून आले, मग मला ही नळी कशाला, असा त्यांचा सवाल होता.

वर्धा जिल्ह्यात डॉक्टरकी करायची तर या सवालाला उत्तर तयार ठेवावे लागते. गांधी आणि विनोबा इथे घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे आहेत. त्यांनी काय खाल्ले, काय सोडले, किती उपास केले हे आमच्या पेशंटना तोंडपाठ असते. गुरुजींची माहिती चुकीचीही नव्हती. विनोबांना ड्युओडेनल अल्सर होता आणि तो घेऊनच ते वर्षानुवर्षे चालले. पण त्या गोष्टीचा एक भाग गुरुजींना ठाऊक नव्हता, आणि तो समजायला विनोबांचे आयुष्य एका डॉक्टरच्या नजरेने पाहावे लागते.

गागोदे ते पवनार

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या, आजच्या रायगडमधल्या, गागोदे गावी झाला. आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणी यांच्या भक्तीचा संस्कार लहानपणीच झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते, म्हणून शिक्षण तिथे. पायात चप्पल नको, अंथरुणावर गादी नको, असे शरीराला कसाला लावणारे प्रयोग त्यांनी शाळकरी वयातच सुरू केले होते. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले, वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. तिथे अन्नछत्रात एक वेळ जेवण आणि दक्षिणा म्हणून दोन पैसे मिळत. त्या पैशांत संध्याकाळी रताळी आणि दही. हा आहार मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढच्या सहा-साडेसहा दशकांत विनोबांच्या ताटात यापेक्षा फार वेगळे काही दिसत नाही. तिखट नाही, तळलेले नाही, तंबाखू आणि दारूचा तर प्रश्नच नाही.

जून १९१६ मध्ये ते अहमदाबादला कोचरब आश्रमात गांधीजींकडे आले. आश्रमातल्या कष्टांनी तब्येत ढासळली, तेव्हा गांधीजींकडून वर्षभराची रजा घेतली. काही महिने वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्ताचा अभ्यास केला. तब्येत सुधारायला चालणे, जात्यावर दळणे आणि सूर्यनमस्कार असा क्रम ठेवला. औषधापेक्षा आहार आणि श्रम यांवर त्यांचा भरवसा होता आणि तो शेवटपर्यंत टिकला.

एप्रिल १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम चालवायला पाठवले आणि विनोबा आमच्या जिल्ह्याचे झाले. इथेच १९३० च्या ऑक्टोबरपासून त्यांनी गीताई रचली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. त्याच वर्षाअखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडीला राहायला गेले. दिवसाचे आठ-आठ तास सूत कातायचे आणि त्याच्या मजुरीत जेवढे भागेल तेवढेच खायचे, असा प्रयोग तिथे चालला.

त्याचा हिशेब शरीराने १९३८ मध्ये मांडला. वजन ८८ पौंडांवर आले, म्हणजे चाळीस किलो. वय त्रेचाळिसाव्या वर्षात. आज असा पेशंट समोर आला तर आम्ही आधी क्षयरोग, मधुमेह आणि पोटाचा कर्करोग यांच्या तपासण्या लिहून देऊ. गांधीजींनी काळजीने त्यांना बोलावून घेतले. डॉक्टरकडे जायला विनोबा राजी नव्हते. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा विषय निघाला, तर त्यांनी वर्ध्यापासून जेमतेम दोन कोसांवरच्या पवनारचे नाव घेतले. धाम नदीच्या पलीकडे जमनालाल बजाज यांचा बंगला रिकामा होता. मार्च १९३८ मध्ये मोटार नदीचा पूल ओलांडत असताना विनोबांनी आश्रमाच्या सगळ्या चिंता सोडून देण्याचा संकल्प केला. पवनारला गेल्यावर त्यांनी कुदळ हातात घेतली. पहिल्या दिवशी काही मिनिटे खणायचे, मग रोज थोडे थोडे वाढवायचे. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झाले.

गुरुजींना ही हकिकत पाठ होती. मलाही ती आवडते. विश्रांती, मनाची शांती, बेताबेताने वाढवलेला व्यायाम आणि पुरेसे खाणे यांचे बळ मोठे आहे. पण चाळीस किलोवर आलेल्या त्या शरीरात नेमके काय बिघडले होते, हे त्या वेळी कुणी पाहिले नव्हते, हेही तितकेच खरे. बरे झाले म्हणून चांगले. बरे झाले नसते तर?

चालणारा माणूस आणि पोटातली जखम

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारमधून विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले आणि देशभर माहीत झाले. मग पुन्हा तुरुंग, वेल्लोर आणि शिवनी. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. तिथे ते वर्ध्याहून पायी गेले. तिथून तेलंगणात फिरताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झाले. पुढची तेरा वर्षे हा माणूस चालत राहिला. पहाटे कंदिलाच्या उजेडात निघायचे, दहा-बारा मैल कापायचे, गावात सभा, दुसऱ्या दिवशी पुढचे गाव. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात जाहीर झाली. त्यातली बरीच प्रत्यक्ष वाटपापर्यंत पोचली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

याच काळात त्यांच्या पोटातला ड्युओडेनल अल्सर सगळ्यांना ठाऊक झाला. परदेशी पत्रकारसुद्धा त्याचा उल्लेख करत. दूध, दही, मध, तेही थोडे थोडे आणि ठरावीक अंतराने, एवढ्यावर ते चालत होते.

ड्युओडेनल अल्सर म्हणजे काय ते इथे सांगतो. आपण खाल्लेले अन्न अन्ननलिकेतून जठरात येते आणि जठरातून लहान आतड्याच्या पहिल्या भागात जाते. या पहिल्या भागाला ड्युओडेनम म्हणतात. जठरात तीव्र आम्ल असते. आतल्या अस्तरावर चिकट थर असतो, तो या आम्लापासून अस्तराला वाचवतो. हे संरक्षण कुठे कमी पडले की आम्ल अस्तराला खाते आणि तिथे व्रण पडतो. तोंड आल्यावर जशी जखम दिसते, साधारण तशीच, पण खोल जाऊ शकणारी. ड्युओडेनममधला व्रण बहुधा रिकाम्या पोटी आणि मध्यरात्रीनंतर दुखतो, खाल्ले की काही वेळ शांत होतो. गुरुजींचे वर्णन असेच होते. जठरातल्या व्रणाचे दुखणे बरेचदा खाल्ल्यावर वाढते. पण नुसत्या वर्णनावरून हा की तो हे ठरवता येत नाही. काही व्रण तर दुखतच नाहीत, थेट रक्तस्रावानेच कळतात.

मग त्या काळी डॉक्टर काय करत? शिकागोच्या बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५ मध्ये एक पद्धत सांगितली होती: दर तासाला थोडे दूध आणि साय, मधे आम्ल मारणारी पावडर. जगभरचे डॉक्टर पुढची कित्येक दशके अल्सरच्या पेशंटला हेच सांगत होते. म्हणजे विनोबांचा दूध-दह्याचा आहार औषधाला नकार देणारा वाटला तरी त्या काळच्या उपचाराच्या अगदी जवळ होता. विनोबांनी आधुनिक वैद्यकाला हरवले असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या वेळच्या आधुनिक वैद्यकाच्या हातातही जवळपास दूधच होते. दुधाने आम्ल तात्पुरते सौम्य होते आणि थोड्या वेळाने जठर पुन्हा जास्त आम्ल सोडते, हे नंतर कळले. दुधाने आराम पडतो, व्रण भरत नाही. रक्तस्राव झाला किंवा व्रणाने आतड्याला भोक पडले तर ऑपरेशन, आणि ते मोठे असे.

डिसेंबर १९५२ मध्ये बिहारमधल्या चांडिलला विनोबांना जीवघेणा मलेरिया झाला. त्यांनी औषध घ्यायला नकार दिला. ताप उतरेना, प्रकृती हाताबाहेर जाऊ लागली. देशभरातून विनवण्या आल्या, तेव्हा कुठे ते औषधाला तयार झाले आणि वाचले. भूदानाची पुढची अकरा-बारा वर्षे त्या औषधामुळे शक्य झाली, असे मी गुरुजींना म्हटले. चांडिलची ही गोष्टही त्यांना माहीत होती. सवाल करताना मात्र ती सोयीस्कर बाजूला राहिली होती. आपण सगळेच असे करतो.

पोटात पाहायचे कसे

विनोबांचा अल्सर कुणी डोळ्यांनी का पाहिला नाही, याचे उत्तर सोपे आहे: पाहण्याजोगे साधनच नव्हते. बेरियम नावाचे पांढरे पातळ द्रव्य प्यायला देऊन एक्स-रे काढता येत. व्रण असेल तर त्यात बेरियम साठून ठिपका दिसे. ती सावली होती, चित्र नव्हे.

पोटात थेट डोकावण्याचे प्रयत्न मात्र जुने. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये १८६८ साली ॲडॉल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका कलावंताच्या घशातून सरळ धातूची नळी जठरापर्यंत नेली. आपल्याकडच्या जत्रेतही असे खेळ करणारे असत. नळी गेली, पण उजेड पुरला नाही. १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी खालचा भाग थोडा वाकणारी दुर्बीण आणली. ती जठरापर्यंत पोचायची, पण बरेच कोपरे अंधारातच राहायचे.

खरी वाट काचेच्या केसासारख्या तंतूंनी मोकळी केली. असा तंतू वाकवला तरी प्रकाश त्यातून पुढे जातो. लंडनमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी अशा हजारो तंतूंची जुडी करून तिच्यातून चित्र नेता येते, हे १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. ते वाचून अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या बेसिल हिर्शोविट्झ यांनी लवचीक दुर्बीण तयार करवली. १९५७ च्या सुरुवातीला त्यांनी ती आधी स्वतःच्या घशातून खाली उतरवली आणि काही दिवसांनी एका पेशंटच्या पोटात घातली. त्या पेशंटला ड्युओडेनल अल्सर होता.

त्याच १९५७ मध्ये विनोबा दक्षिणेत चालत होते. सप्टेंबरमध्ये म्हैसूरजवळ येलवाल इथे ग्रामदानाची मोठी परिषद झाली. नव्या दुर्बिणीची बातमी त्या मांडवात पोचली असण्याचे काही कारण नव्हते. आपल्या जिल्ह्यांपर्यंत दुर्बिणी यायला पुढे बरीच वर्षे गेली.

१० एप्रिल १९६४ रोजी विनोबा पवनारला परतले. मग पुन्हा काही वर्षे बिहारमध्ये, या वेळी मोटारीतून. १९६९ अखेर ते पवनारला आले आणि ७ ऑक्टोबर १९७० पासून त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे त्या परिसराबाहेर जायचे नाही असे ठरवले. १९६९ मध्येच सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते. १९७० च्या दशकात आम्ल कमी करणाऱ्या पहिल्या परिणामकारक गोळ्या आल्या आणि अल्सरची ऑपरेशने झपाट्याने कमी होऊ लागली. पण गोळ्या थांबवल्या की बहुतेकांचा अल्सर परत यायचा. कारण कुणालाच माहीत नव्हते. चिंता, तिखट, जागरण, स्वभाव यांना दोष दिला जाई. विनोबांसारखा निर्व्यसनी, बिनतिखटाचा आणि चिंता नदीपल्याड ठेवलेला माणूस त्यात कुठे बसत होता, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

१९८२

एप्रिल १९८२. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल हे दोन डॉक्टर दुर्बिणीतून काढलेले जठराच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासत होते. त्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसत, पण प्रयोगशाळेत ते वाढत नसत. तीसहून अधिक पेशंटचे नमुने वाया गेले. प्रयोगशाळेत दोन दिवसांनी बशा टाकून देण्याची पद्धत होती. ईस्टरच्या सुट्टीत एक बशी चुकून तशीच राहिली आणि पाच दिवसांनी तिच्यावर जंतू उगवलेले दिसले. हाच पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे एच. पायलोरी, म्हणून ओळखला गेला. त्यांच्या पहिल्या शंभर पेशंटमध्ये ड्युओडेनल अल्सर असलेले तेरा होते आणि त्या तेराही जणांच्या जठरात हा जंतू होता.

आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, असे तोवर मानले जाई. लोकांना पटेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचे पाणी स्वतः प्यायले. आधी दुर्बिणीने पोट निरोगी असल्याची खात्री केली होती. काही दिवसांनी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा अस्तराला सूज आलेली होती. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या रोगासाठी लोक आयुष्यभर दूध पीत होते, त्यातला बराच मोठा भाग दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी कायमचा बरा होऊ लागला.

विनोबांच्या पोटात हा जंतू होता का, ते कुणी तपासले नव्हते, तपासण्याची सोयच नव्हती. म्हणून त्यांच्या बाबतीत मी काही ठामपणे म्हणणार नाही. एवढेच सांगतो की व्यसन नाही, दुखणे मारणाऱ्या गोळ्या नाहीत आणि तरी ड्युओडेनममध्ये व्रण आहे, असा माणूस आज आला तर आम्ही पहिल्यांदा एच. पायलोरीच शोधू. आपल्या देशात हा जंतू फार जणांच्या पोटात असतो. तो बहुधा लहानपणीच घरातून येतो. त्यातल्या थोड्यांनाच पुढे अल्सर होतो.

पर्थला ती बशी उगवली त्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १९८२ रोजी, पवनारला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. सेवाग्रामचे डॉक्टर धावले. ८ नोव्हेंबरपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी सकाळी, सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या या निर्णयावर तेव्हाही मतभेद झाले. मी डॉक्टर म्हणून त्यात पडत नाही. अल्सरने मात्र त्यांचा जीव घेतला नाही. तो त्यांच्यासोबत फक्त राहिला.

गुरुजींची तपासणी

गुरुजींचे मन या सगळ्या गोष्टीने वळले असे म्हणायला मला आवडले असते. ते वळले हिमोग्लोबिनच्या आकड्याने. आकडा ९ च्या आसपास होता, म्हणजे आतून थोडे थोडे रक्त जात असणार. तुमच्या घरातल्या कुणाची शौच डांबरासारखी काळी आणि चिकट होत असेल (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण चिकट नव्हे), उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडत असेल, घास अडकत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, किंवा पन्नाशीनंतर पोटाचा त्रास नव्यानेच सुरू झाला असेल, तर दूध आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. रक्ताची उलटी किंवा डांबरी शौच ही तर त्याच दिवशी दवाखाना गाठण्याची गोष्ट आहे.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. गुडघे दुखतात म्हणून गुरुजी दोन वर्षे मेडिकलमधून गोळ्या आणून घेत होते, बहुतेक वेळा उपाशी पोटी. अल्सरचे दुसरे मोठे कारण हेच. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत कमरेच्या दुखण्याने बायका अशा गोळ्यांच्या पुड्या कमरेला बांधूनच शेतात जातात.

तपासणीच्या आदल्या रात्री हलके जेवण, त्यानंतर काही खायचे नाही. साधारण सहा ते आठ तास पोट रिकामे हवे. थोडे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधे यांबद्दल आधीच विचारावे, स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नये. कवळी काढून ठेवावी. गुरुजींनी ती धोतराच्या सोग्यात बांधली आणि नंतर अर्धा तास शोधत बसले.

घशात बधिर करणारा फवारा मारतात, घसा जाड झाल्यासारखा वाटतो. डाव्या कुशीवर झोपवतात आणि दातांमध्ये प्लास्टिकचे कडे ठेवतात, म्हणजे नळी चावली जात नाही. नळी करंगळीएवढी जाड आणि टोकाला कॅमेरा. ती घशातून जाताना ओकारी येते, हा सगळ्यांत नकोसा क्षण असतो आणि तो काही सेकंदांचा असतो. नळी अन्नाच्या वाटेने जाते, श्वासाची वाट मोकळी असते, त्यामुळे नाकाने शांत श्वास घेत राहायचे. आत हवा भरतात, पोट फुगल्यासारखे वाटते, ढेकर येतात, तोंडातून लाळ गळते. त्याची लाज बाळगू नका, आम्हाला सवय आहे. पाच-दहा मिनिटांत काम होते. भीती फार असेल तर गुंगीचे इंजेक्शन देता येते, मग त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि सोबत माणूस हवा. नंतर घसा दिवसभर खवखवतो. आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, पण नुसत्या तपासणीत तो फार क्वचित घडतो. पोटात जोराची कळ, ताप किंवा रक्त दिसले तर लगेच परत यावे. मोठ्या आतड्याची दुर्बीण वेगळी, खालच्या बाजूने करायची, तिची तयारीही वेगळी. दोन्हींची गल्लत करू नका.

गुरुजींच्या मुलाने पडद्यावर सगळे पाहिले. गुलाबी, ओलसर अन्ननलिका, मग जठराच्या वळ्या, मग ड्युओडेनमच्या तोंडाशी मसुराच्या डाळीएवढा पांढरट तळ असलेला व्रण, कडा लालसर. त्यातून त्या क्षणी रक्त येत नव्हते. येत असते तर तिथल्या तिथे इंजेक्शन देऊन किंवा बारीक चिमटा लावून थांबवता आले असते. मी जठराच्या अस्तराचे दोन-तीन कण काढले. मुलाचा चेहरा पडला. बायोप्सी म्हटले की लोकांना कॅन्सरच आठवतो. तुकडा काढताना दुखत नाही, आणि तो दर वेळी कॅन्सरसाठी काढत नाहीत. ड्युओडेनमचा व्रण कॅन्सरचा असणे अगदी दुर्मीळ. व्रण जठरात असेल तर मात्र त्याचा तुकडा आवर्जून तपासतात, आणि तो भरला का हे पाहायला काही आठवड्यांनी बहुधा पुन्हा दुर्बीण करतात. इथे मला जंतू शोधायचा होता. एक कण पिवळ्या जेलमध्ये ठेवला. जंतू असेल तर जेल गुलाबी होते. गुरुजी गुळण्या करून येईपर्यंत ते गुलाबी झाले होते.

चौदा दिवसांची औषधे दिली. त्यांत प्रतिजैविके असतात, तोंड कडू होते, पोट बिघडते, आणि लोक पाचव्या दिवशी सोडून देतात. मग जंतू उरतो आणि पुढच्या वेळी त्याच औषधांना दाद देत नाही. गुरुजींनी एकही डोस चुकवला नाही. व्रताचा माणूस. गुडघ्यांच्या गोळ्या बंद करून शेकणे, व्यायाम आणि साधे पॅरासिटामॉल यांवर भागवले. प्रतिजैविके संपून महिना उलटल्यावर आणि आम्लाच्या गोळ्या दोन आठवडे थांबवल्यावर शौचाची तपासणी केली, जंतू नव्हता. हिमोग्लोबिन चार महिन्यांत १२ च्या वर गेले.

मधे एकदा ते पवनारला जाऊन आले आणि येताना माझ्यासाठी गीताईची छोटी प्रत घेऊन आले. रात्रीच्या दुधाचे विचारले तर म्हणाले की आता दोन वाजता जागच येत नाही, म्हणून ते संध्याकाळीच पितात, साखर घालून.